साडीगार्ड

पदराला मागून हिसका बसला तेव्हा रतनला वाटलं, कुणीतरी धरला. दुसऱ्याच क्षणी गळा आवळला आणि धावत्या मोटारसायकलवरून ती पाठीवर आदळली.

दादासोनं करकचून ब्रेक मारला, म्हणून थोडक्यावर निभावलं. गळ्याभोवती घेऊन खांद्याला पिनेनं टाचलेला पदर मागच्या चाकात पुरता गुंडाळला गेला होता. तिचं डोकं चाकापासून वीतभर लांब होतं.

निरवांगीहून बावड्याला जायचा हा दोघा नवराबायकोचा रोजचा रस्ता. तिला बालवाडीत शिकवायला सोडून तो पुढं दूध डेअरीवर जायचा.

दादासो उतरला. गाडी कलती धरून चाकाकडं वाकला.

"तारा वाकल्या का काय!" मग त्याचं बायकोकडं लक्ष गेलं. "पदर आवरून बसता येत न्हाय व्हय तुला?"

रतनच्या घशातून आवाज फुटत नव्हता. बांधावर गवत कापणारी गोजरबाई विळा घेऊनच धावत आली.

"आरं मुडद्या, बायकू मराय लागली आन् चाक काय बघतुयास?"

म्हातारीनं विळ्यानं पदर कापला. रतन उठून बसली. कोपर सोलपटलं होतं, गळ्याभोवती लालभडक वळ उठला होता. गोजरबाईनं डोक्याचं फडकं सोडून तिच्या खांद्यावर टाकलं.

रतननं चाकाकडं पाहिलं. बायकांची साडी अडकू नये म्हणून तिथं लोखंडी जाळी असायची. आता नुसत्या तारा दिसत होत्या.

"गार्ड कुठं गेलं?" तिचा आवाज चिरका निघाला.

"काढून टाकलं परवा. डेअरीवरची पोरं हसायची. म्हाताऱ्याची गाडी दिसती म्हनं."

"मला इचारलं हुतं?"

"त्यात तुला काय इचारायचं? गाडी मी चालिवतो."

रतन उठली. गाडीची किल्ली काढून तिनं मुठीत धरली आणि चालायला लागली.

"आगं, उशीर हुतोय! बस की!"

"ढकलत आना," ती मागं न बघता म्हणाली.

फाट्यावर, दादासोची गाडी दुरुस्त करणाऱ्या माऊलीचं गॅरेज होतं. रतन तिथं पोचली तेव्हा तो एका चाकाचं पंक्चर काढत होता.

"आमच्या गाडीचं साडीगार्ड द्या."

"मागं पडलंय वहिनी. घ्या तुमचं वळकून."

ती शेडच्या मागं गेली आणि जागीच थांबली. भिंतीला टेकून साडीगार्डांचा ढीग पडला होता. वरची नवीकोरी, उन्हात चमकत होती. खालची गंजलेली, त्यांच्या जाळीतून गवत वर आलेलं.

"ही समदी कुनाची?"

"आसपासच्या गावांची. नवी गाडी आली की पोरं पैलं ह्येच काढाय लावत्यात."

"आन् मागं बायका बसत्यातच ना?"

माऊली हसला. "मंग? बायका काय चालत जात्याल व्हय?"

रतनला हसू आलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ढिगातून एक गार्ड उपसलं, रस्त्यावर नेलं आणि मधोमध आपटलं. परत आली. दुसरं नेलं. तिसरं. लोखंडाच्या आवाजानं चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

घामाघूम झालेला दादासो गाडी ढकलत आला. "रतन, आगं लोकं बघत्यात!"

"बगू द्या."

"खुळी झालीस का? तुजं घे आन् चल गप!"

"माजं कंचं ते कळंना मला," ती म्हणाली आणि आणखी एक उपसायला वळली.

इंदापूरकडून एक मोटारसायकल आली. रस्ता अडलेला बघून चालवणाऱ्यानं वैतागून हॉर्न दाबून धरला. मागं एक बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर तान्हं पोर, पदर वाऱ्यावर, खाली चाक उघडं. हॉर्न वाजतच होता. रतन त्याच्याकडं न बघता सरळ मागं गेली आणि पोर घ्यायला हात पुढं केले.

"उतर बाई," ती म्हणाली. "आदी खाली उतर."