माही चिठ्ठी

शाळेच्या गॅदरिंगमध्ये सर फिशपॉन्ड वाचत होते. पोरांनी एकमेकांना काढलेले निनावी चिमटे ऐकून मंडप हसत होता. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्यानं मंचावर जाऊन घ्यायची, अशी रीत. “तेजस, अकरावी,” एवढं वाचून सरांनी चिठ्ठी गुपचूप खिशात घातली. मागच्या सतरंजीवर तेजसच्या आईनं पदर तोंडावर ओढला. आपल्याला मुलगेच आवडतात, हे त्यानं वर्गात उघड सांगितल्यापासून तिला हीच धास्ती होती. तेजस ताडताड मंचावर चढला. “सर, माही चिठ्ठी द्या.” माइक घेऊन त्यानं स्वतःच वाचलं, “तेजसले नवरी नाही, नवरदेव पाह्यजे.” मग मंडपाकडं पाहून तो म्हणाला, “हाव, बरोबर हाये. पण घाई काऊन करता पोट्टेहो? बारावी तं होऊ द्या!” शिट्ट्या, टाळ्या थांबेनात. शेजारची बाई म्हणाली, “डेरिंगबाज पोट्टं! कोनाचं वं?” आईनं तोंडावरचा पदर मागं सारला. “माहं!”