रस्त्यापलीकडचा कोंबडा

कोंबडा मुलाकडच्या सिल्वेस्त्रेमामाच्या काखेत होता, कोंबडी मुलीकडच्या केफासीमामाच्या मांडीवर, आणि दोघांपैकी कुणीच आपलं पाखरू पुढे करत नव्हतं. ही अदलाबदल झाली की लग्न लागलं. नाही झाली तर चटया गुंडाळायच्या आणि घरी जायचं. डोक्यावरून कापड घेऊन बसलेली नवरी एनेलेसी कोंबड्याच्या पायांकडे बघत होती. सकाळपासून बांधून ठेवल्यामुळे तो मलूल झाला होता. मामा लोकांच्या हातात असेपर्यंत आपलंही असंच होणार, असं तिला वाटायला लागलं होतं.

नवरा झेफेरीनो रस्त्यापलीकडचा. रस्ता म्हणजेच सरहद्द. डांबराच्या अलीकडे मलावी, पलीकडे मोझांबिक. भाषा दोन्हीकडे तीच, बाजार एकच, ताटात मक्याच्या पिठाचा गोळाही तोच. तरी ज्याला त्याला आपलीच बाजू राहायला बरी वाटायची, आणि हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय कुणाला जेवण गोड लागायचं नाही.

आज वाद निघाला घरावरून. रीतीप्रमाणे जावई बायकोच्या गावात येऊन घर बांधतो. मुलीच्या वतीने बोलणाऱ्या केफासीमामाने एवढंच सांगून गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तर तो केफासी कसला. तो म्हणाला, पोराचं नशीब उघडलं, आमच्याकडे दवाखाना आहे, तुमच्या बायकासुद्धा बाळंतपणाला इकडेच येतात. मुलाचा मामा सिल्वेस्त्रे हसला. दवाखाना आहे खरा, पण आत औषध असतं का, त्याने विचारलं. आणि वीज? आमच्या गावातले दिवे बघूनच तुम्हाला कळतं म्हणे की अंधार पडला. केफासी म्हणाला, दिवे आहेत, पण तुमच्या शाळेवर छप्पर आहे का? सिल्वेस्त्रे म्हणाला, आमच्या जमिनीत बटाटा नुसता फेकला तरी उगवतो, तुमच्याकडे खत घालून पेरलेलंही उगवत नाही. लोक पोट धरून हसत होते. भाताची पातेली चुलीवरून उतरली होती. तोवर सगळं ठीक होतं.

मग केफासीची जीभ घसरली.

"तुमच्याकडच्या लढाईत डोक्यावर चटया घेऊन इकडे पळत आलात, तेव्हा तुमच्या तोंडात पीठ कुणी घातलं? आणि आता दिव्यांची ऐट दाखवता आम्हाला."

हसू जागच्या जागी विरलं. सिल्वेस्त्रे तेव्हा आईच्या पाठीला बांधलेला, तान्हा आला होता. त्याची थोरली बहीण मात्र रस्त्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, केफासीलाही.

"आणि दुष्काळात?" सिल्वेस्त्रेचा आवाज खाली गेला होता. "बादलीभर मक्यासाठी आमच्या शेतात सऱ्या कोण ओढत होतं?"

"असेल कुणी. माझ्या घरचं माणूस कुणाच्या शेतात वाकलेलं नाही."

सिल्वेस्त्रेने एकदाच एनेलेसीकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. कोंबडा काखेत नीट धरून तो उठला. मागोमाग त्याचे लोक उठले. झेफेरीनो सगळ्यांत शेवटी उठला; मामासमोर भाच्याने बोलायचं नसतं, म्हणून तो नुसता एनेलेसीकडे बघत राहिला. आपण जास्त बोललो हे केफासीला कळलं होतं, पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

या मांडवात नवरी एकदाच बोलते. मामा विचारतो, कोंबडा घेऊ का, आणि ती घ्या किंवा नको म्हणते. केफासीने तो प्रश्नच बदलला.

"थांबा," तो म्हणाला. "पोरीलाच विचारू. सांग बाई, राहायला कुठली बाजू बरी?"

उत्तराची त्याला खात्रीच होती. एनेलेसीला राग असा आला की कानशिलं तापली. तिने डोक्यावरचं कापड मागे सारलं आणि ती उभी राहिली. नवरी कधी उभी राहत नाही. ती चटया तुडवत सिल्वेस्त्रेपुढे गेली आणि तिने हात पसरले. गोंधळून त्याने कोंबडा तिच्या हातात दिला. पोरगी लाज सोडून आली, असं मागून कुणीतरी म्हणालं. म्हणू दे, असं मनात म्हणत ती केफासीसमोर येऊन थांबली.

"त्यांच्या शेतात मी वाकले होते, मामा. आई आणि मी. तुम्हीच पाठवलं होतंत, आणि आता ते लपवून बसलात. काम संपलं की यांच्याच दारात बसून आम्ही जेवायचो. मला त्याची लाज वाटत नाही."

केफासी मांडीवरच्या कोंबडीची पिसं उगाच सारखी करत होता.

"बरी बाजू कुठली, ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "एकदा ते पळत आले. एकदा आपण गेलो."

तिने कोंबडा मामाच्या मांडीवर ठेवला आणि कोंबडी उचलून सिल्वेस्त्रेच्या हातात दिली. कुणी हटकलं नाही. झेफेरीनो आपल्या चटईवर परत बसला.

"झेफेरीनो मला आवडला, तो माझ्यासाठी. पण पलीकडचा बघितला, तो तुमच्यासाठी, मामा. पुढच्या खेपेला पळायची वेळ आपल्यावर आली, तर तुम्हाला दार उघडायला पलीकडे कुणीतरी आपलं हवं."