ट्रायलची बाही

"ट्रायल म्हणून ही बाही जोडून दाखवा," मालक म्हणाले. "मंदी आहे, बाई. एकच जागा. पारखूनच घेणार."

शेवंताचा जुना कारखाना बंद पडून दोन महिने झाले होते. तिने बाही बसवली आणि सहज शर्ट उलटला. कॉलरची टीप बारीक, खिशाची सैल, दुसऱ्या बाहीची वाकडी; प्रत्येक टीप वेगळ्या हाताची. शेजारच्या शंभर शर्टांचं तेच. सगळी ऑर्डर ट्रायलला आलेल्या बायकांकडून फुकटात निघत होती.

तिने आपली टीप उसवली, बाही वेगळी ठेवली.

"पारखलंत ना, मालक?"

ती बाहेर पायरीवर, ट्रायलसाठी रांगेत थांबलेल्या दहा जणींजवळ बसली.

"काय करायला लावतात गं?" एकीने विचारलं.

"बाही जोडायची. दाखवायची. उसवून यायचं."

संध्याकाळी मालक अकरा सुट्या बाह्या घेऊन पायरीवर आले.

"सकाळी माल जायचाय. मजुरीवर कोण बसतंय?"

"सगळ्याच," शेवंता म्हणाली.