झाडूकाकांची पिशवी

काकूंनी ढिगातली चप्पल उलटी केली, पट्टा पाहिला आणि बाजूला ठेवली. मग दुसरी उचलली. दर रविवारी धक्क्यावर त्यांचं हेच काम असे. स्वयंसेवक पाणबुडे समुद्राच्या तळातून बाटल्या, पिशव्या, तुटकी जाळी काढून आणत; त्यात चपला निघाल्या की काकूंच्या पुढ्यात टाकत. कुणी काही विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचा मुलगा एकटाच होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. होडी तेवढी सापडली. त्याच्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो काकूंनीच तांब्याच्या तारेने शिवून दिला होता. ती चप्पल वर येत नाही तोवर मुलगा कुठेतरी आहे, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. रात्री त्या दाराला कडी लावू देत नसत.

काका नळदुरुस्तीची कामं करत. पन्नाशी उलटल्यावर ते पाण्याखाली उतरायला शिकले ते त्या चपलेसाठीच. पण एकदा उतरले की बाटलीचं झाकणसुद्धा मागे सोडत नसत, आणि दुसऱ्या कुणी सोडलं तर वर आल्यावर त्याची खरडपट्टी काढत. म्हणून पोरांनी त्यांचं नाव झाडूकाका ठेवलं होतं.

आज बाकीचे वर आले होते. पाण्यात दोघादोघांच्या जोडीने उतरायची पद्धत होती; काका आणि त्यांची जोडीदारीण तेवढी अजून खालीच होती.

खाली पोचल्या पोचल्या काकांना खडकाच्या कपारीत चप्पल दिसली होती. त्यांनी ती ओढून काढली. पट्ट्यावरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं. आत तार होती, हिरवी पडलेली. टाके वाकडेतिकडे होते. शिवणकाम काकूंना कधीच धड जमलं नव्हतं.

जोडीदारीण पलीकडे पाठमोरी होऊन जाळं कापत होती. काकांनी चप्पल पिशवीत टाकली. पुन्हा बाहेर काढली. त्यांना रडू फुटलं. पण पाण्याखाली, काचेच्या मागे, डोळे पुसायची काही सोय नसते. शेवटी त्यांनी चप्पल कपारीत हात जाईल तितकी आत सारली आणि तोंडाशी एक धोंडा लावला. जोडीदारणीने वर चलायची खूण करेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

"मिळाली का हो?" काकूंनी नेहमीसारखं विचारलं.

"छे! नुसत्या बाटल्याच बाटल्या."

"काका, पण तुमची पिशवी तर रिकामी!" जोडीदारीण म्हणाली. "समुद्र साफ झाला की काय?"

पोरं हसली. काकाही हसले.

काकूंनी पिशवीकडे पाहिलं. मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. समोरच्या बऱ्याच चपला पाहायच्या राहिल्या होत्या. त्या त्यांनी न पाहताच कचऱ्याच्या पोत्यात भरल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

दोघं चालत घराच्या वळणाशी आली.

"आज रात्री," काकू म्हणाल्या, "दाराला कडी लावून घ्या."