पाटाला पालवी

"अहो, पाटाला तेल लावलंत ना?" हॉस्पिटलच्या खाटेवरून लतानं विचारलं. भाजी चिरायचा आंब्याच्या लाकडाचा पाट तिनं वर्षानुवर्षं खोबरेल पाजून गुळगुळीत राखला होता. विष्णूनं परवा तो बादलीत भिजत घातला, वर आणखी हीटरपुढे वाळवला. पाट उभा तडकला. "लावलं म्हणजे? बिल्कुल आरसा झालाय! अख्खं मयूर विहार त्यात बघून भांग पाडतंय." एरवी एवढ्यावर ती "थापाडे कुठले!" म्हणून खवळायची, त्या ओरड्यासाठीच तो जन्मभर थापा मारत आला. आज तिनं फक्त मान डोलावली. विष्णूनं थाप ताणली. "काल त्याला पालवी फुटली. सकाळी मोहोर आला, माकडं जमली, सोसायटीनं नोटीस धाडली!" लता नुसतं "बरं" म्हणाली. त्याचा धीर सुटला. "अगं, पाट तडकलाय. ओरड की!" "असू द्या," ती म्हणाली. "प्लास्टिकचा आणा. तुम्हाला एकट्याला तेलपाणी कुठं जमणार?"