स्वस्त कुरियर

माझा मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि वर्षाच्या आत धाकट्या जावेनंही सगळ्यांना सांगून टाकलं, "आमचाही गेला हो तिकडेच!" माझी बरोबरी केल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मी दहा कुरियरवाल्यांचे दर विचारून वर्षाकाठी एक खोकं कसंबसं पाठवायची. ही दर महिन्याला भलंमोठं खोकं पाठवायची, वर मलाच ऐकवायची, "आमचं कुरियर स्वस्त आहे, वहिनी." कुठलं ते विचारलं की लगेच विषय बदलायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा खोकं घेऊन तिच्या मागोमाग गेलेच. ती कुरियरच्या दुकानातून बाहेर पडताच मी माझं खोकं काट्यावर ठेवलं. पत्ता वाचून दुकानदारानं ते माझ्याकडे परत सरकवलं.

"काकू, आम्ही देशाबाहेर पाठवत नाही."

"अहो, आत्ता त्या बाईंचं घेतलंत की!"

"त्यांच्या मुलाचं होय? तो तर पलीकडच्याच गावात असतो."



खोकं पोटाशी धरून मी तिथल्याच पायरीवर बसले. हिच्या मनात आलं तर मेली सकाळच्या बसनं जाऊन, मुलाला डोळे भरून पाहून, संध्याकाळी घरी परत येईल!