उतारावरचा होकार

सायकल कंपनीच्या पत्राला श्रीपतरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘ब्रेक आणि हँडल आमच्या ताब्यात देता का?’ एवढंच त्यात विचारलं होतं.

कचेरीच्या वाटेवर चढ लागला, की ते उतरून सायकल हातात धरून चालत. आजही चालले. तोवर ती गप्प होती. माथ्यावर ते पुन्हा स्वार झाले आणि उतारावर वेग वाढला, तेव्हा सायकल गोड आवाजात म्हणाली, “काका, उत्तर राहिलंय.”

त्यांनी ब्रेक दाबले. लागेनात. समोर वळण, पलीकडे दरी.

“अगं बाई, थांब! संध्याकाळी नक्की देतो!”

“रोज हेच म्हणता, काका.”

“हो, हो! घे सगळं!”

ब्रेक लागले. वळण सुखरूप गेलं. घामेजल्या श्रीपतरावांना कचेरीचं फाटक दिसलं.

“थांब आता. मला उतरायचंय.”

फाटक मागे पडलं.

“उतरण्याचं पत्रात काही नव्हतं, काका. तुमचा होकार मात्र पाठवला हं.”